युक्तिवाद ‘अ’

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज दहा प्रश्न तपासले. त्यातला एक: सार्वजनिक बागांत कुत्र्यांना बंदी असावी का? युक्तिवाद अ: हो, कारण लहान मुलांना कुत्री चावल्याच्या तक्रारी वाढल्या आहेत. युक्तिवाद ब: नाही, कारण आमच्या घरी चार पिढ्या कुत्री आहेत आणि आजवर कुणाला काही झालेलं नाही. परीक्षेला बसणाऱ्याने सांगायचं, यातला सबळ कोणता आणि कमकुवत कोणता. असले प्रश्न मी बावीस वर्षं काढतोय आणि इतरांचे तपासतोय. ‘ब’वाला बागेबद्दल बोलतच नाहीये, तो स्वतःच्या घराण्याबद्दल बोलतोय. मला हे अर्ध्या वाक्यातच कळतं.

ऑफिसात आमच्या खोलीच्या दारावर एक पाटी आहे. ‘युक्तिवाद कोण करतंय ते पाहू नका. तो कुणाबद्दल आहे ते पाहा.’ अक्षर माझं आहे. नवीन आलेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी ती वहीत उतरवून घेतली. त्या सगळं पेन्सिलीने लिहितात, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं नाव पेन्सिलबाई ठेवलंय. आज साहेब त्यांना म्हणाले, “तुमची नजर चांगली आहे हो.” हे वाक्य मला मिळायला सात वर्षं लागली होती, बाईंना सात आठवड्यांत मिळालं. मला हेवाबिवा काही वाटत नाही. फक्त अशा गोष्टी माझ्या लक्षात राहतात.

घरी आलो तर आई खिडकीशी बसलेली. म्हणाली, धाकट्याचा फोन होता. धाकटा म्हणजे माझा भाऊ. अठरा वर्षं देशाच्या दुसऱ्या टोकाच्या शहरात काढून तो गेल्या महिन्यात इथे बदलून आलाय. तळमजल्यावर घर घेतलंय, पुढे चार पावलं मोकळी जागा आहे, त्याचं काय कौतुक चाललंय. मला म्हणे फोन कर. केला. तर म्हणतो, “दादा, आईला आमच्याकडे घेऊन जाऊ का?”

दुकानातली छत्री मागावी तसं विचारलं त्याने.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल फोनवर मी काय बोललो ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढेमागे कुणी फिरवून सांगायला नको. मी म्हणालो, अठरा वर्षं कुठे होतास? बाबा गेले तेव्हा चार दिवस आलास आणि गेलास. आईचा खांदा निखळला तेव्हा फोन केलास. तिचं पथ्य, तिचे डोळे, तिची औषधं, सगळं मी केलं. लग्न केलं नाही तेही तिच्यासाठीच. आणि आता तुझं बस्तान बसलं तर आई हवी?

तो म्हणाला, “ते सगळं खरंच आहे, दादा. पण आईला खाली जाता येत नाही ना तुमच्या तिसऱ्या मजल्यावरून.”

मी म्हणालो, खाली तिचं काय काम आहे? दूध वर येतं, औषध मी आणतो, बँकेत मी जातो.

तो परत तेच, खाली जाता येत नाही. त्याला लहानपणापासून नीट मुद्दा मांडता येत नाही. बाबांनी मार्क विचारले की रडायचा, आणि आई त्याला पदराआड घ्यायची. मला कधी पदराआड जावं लागलं नाही, कारण माझे मार्क चांगले असत.

९ फेब्रुवारी, रविवार

रविवार म्हणजे आईच्या वेणीचा दिवस. तशी वेणी मी रोजच घालतो, तिचा उजवा खांदा वर जात नाही म्हणून. पण बाकीच्या दिवशी ऑफिसची घाई, फणी फिरवली, तीन पेड ओढले, झालं. रविवारी मात्र ती बुटक्या स्टुलावर बसते, मी मागे खुर्चीत. तेल कोमट करतो. गुंता बोटांनी सोडवतो, फणीने नाही. केस राहिलेत किती? शेवटी हातात येते ती करंगळीएवढी वेणी. आई तिला ‘माझी उंदराची शेपटी’ म्हणते. पण पाऊण तास लागतो आणि त्या पाऊण तासात आई बोलते. तिच्या शाळेतल्या गोष्टी, बाबांनी पहिल्या पगारात आणलेला फुटका आरसा. मी नुसतं ऐकतो. या पाऊण तासात मी कधी कुणाची चूक काढल्याचं मला आठवत नाही.

आज मध्येच म्हणाली, “धाकट्याकडे एक दिवस जाऊन येऊ का रे?”

मी विचारलं, “कशाला?”

ती म्हणाली, “काही नाही. असंच.”

असंच, हे काही कारण झालं नाही. पण ठीक आहे म्हणालो. मी अडवतो असं कुणाला म्हणायला नको.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काही नाही. दिवसभर चिडचिड. पेन्सिलबाईंचा एक प्रश्न उगाच बाद केला. साहेबांनी तो परत घेतला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज नेली. सकाळी धाकटा आणि त्याची बायको आले, आईला लाकडी खुर्चीत बसवलं, शालीने कमरेशी बांधलं आणि दोघांनी खुर्ची उचलून बावन्न पायऱ्या उतरवल्या. प्रत्येक वळणावर टेकवत. मी वर कठड्याशी उभा होतो. मदत करतो म्हणालो तर धाकटा म्हणाला, “दादा, तुमची पाठ सांभाळा.” वयाची आठवण करून द्यायची त्याची ही पद्धत.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आई हसली. आमच्या जिन्यात आवाज घुमतो. ती काही तरी म्हणाली, धाकट्याची बायकोही हसली, आणि ते हसणं वर माझ्यापर्यंत आलं. दीड वर्षापूर्वी दाताच्या डॉक्टरकडे न्यायला मी तिला हाताला धरून उतरवलं होतं, तेव्हा ती एकदाही हसली नव्हती. हां, तेव्हा दात दुखत होता.

खुर्चीची युक्ती काही फार मोठी नाही. मलाही सुचली असती. शेजाऱ्याला बोलवायचं, एवढंच.

दिवसभर घर खायला उठलं. वेणीसाठी काढलेली तेलाची वाटी ओट्यावर तशीच. संध्याकाळी तिला परत आणली. चपलांना माती लागलेली. आणि केस! धाकट्याच्या बायकोने वेणी घातली होती. घट्ट, सरळ, टोकाला निळं रबर. चांगली दिसत होती. माझी वेणी एका बाजूला जाते, मला माहीत आहे.

ते दोघे गेल्यावर मी म्हणालो, रबराने केस तुटतात. वेणी सोडली आणि परत घातली. आई स्टुलावर बसली, मान पुढे केली.

लिहूनच टाकतो, नाही तरी ही वही कोण वाचतंय. मला हेवा वाटला. एका रबराचा. छप्पन्न वर्षांचा माणूस मी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटा एकटाच येऊन गेला. उभ्याउभ्याच म्हणाला, पुढच्या महिन्यात आईला कायमची नेऊ या का, तुम्हीही हवं तर दर आठवड्याला या. नेऊ या म्हणे, जसं काही आम्ही दोघं मिळूनच ठरवतोय. मी म्हणालो, विचार करून सांगतो. तो गेल्यावर विचार केला. विचार असा, की माझी बाजू बरोबर आहे हे मला माहीत आहे, पण ते कुणी तरी त्रयस्थाने सांगायला हवं. म्हणजे धाकट्याचं तोंड बंद होईल.

आणि त्रयस्थ तर माझ्या ऑफिसात पाच जण आहेत.

आमची पद्धत अशी: प्रश्न काढणाऱ्याने तो साध्या चिठ्ठीवर टाईप करून द्यायचा, नाव घालायचं नाही. बरोबर उत्तर वेगळ्या पाकिटात, पाकीट बंद. मग आमच्या विभागाबाहेरची पाच माणसं तो प्रश्न वेगवेगळा सोडवतात. टेलिफोनवाली, ग्रंथपाल, दारावरचा रखवालदार, टायपिस्ट आणि साहेबांचा ड्रायव्हर. त्यानंतर पाकीट सगळ्यांसमोर फोडायचं. पाचपैकी चार जणांचं उत्तर पाकिटाशी जुळलं, तर प्रश्न पास. प्रश्न कुणाचा, कुणाला ठाऊक नाही. याहून निःपक्ष न्यायालय जगात कुठे नसेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रश्न लिहिला. नावं नाहीत, गाव नाही. कुणाच्या बापाला कळणार नाही.

‘वृद्ध आई अठरा वर्षं थोरल्या मुलाकडे राहते आहे. आता धाकटा मुलगा तिला आपल्या घरी नेऊ इच्छितो. तिने थोरल्याकडेच राहावं का?

अ: हो, कारण थोरल्याने अठरा वर्षं सर्व जबाबदारी एकट्याने उचलली, त्यासाठी स्वतःचं सुख बाजूला ठेवलं, आणि कठीण काळात जो जवळ नव्हता त्याला आता हक्क सांगता येत नाही.

ब: नाही, कारण धाकट्याचं घर तळमजल्यावर आहे, तिथे ती कुणाचा हात न धरता दाराबाहेर जाऊ शकते, दिवसभर घरात सोबत असते, आणि थोरला तिला हवं तेव्हा येऊन भेटू शकतो.’

‘ब’ लिहिताना पंचाईत झाली. धाकटा जसा बोलतो तसा लिहिला, तर चिठ्ठी वाचणारा लगेच ओळखेल की हा मुद्दाम लुळा ठेवलाय. आमच्या कामात ती सगळ्यात वाईट खोड. दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या, सारख्या इस्त्रीच्या हव्यात. म्हणून धाकट्याचं ‘खाली जाता येत नाही ना’ हे रडगाणं मी नीट वाक्यात बसवलं. सोबतीचा मुद्दा त्याने काढलाही नव्हता, तो मी घातला. शेवटचं वाक्य तर त्याचं नाहीच. तो दर आठवड्याला या म्हणाला होता. ‘हवं तेव्हा’ माझं. ‘अ’ लांब झाला होता, लांबी जुळवायची होती.

पाकिटात लिहिलं: अ सबळ, ब कमकुवत. पाकीट थुंकी लावून बंद केलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पाच विरुद्ध शून्य.

पाचही जणांनी ‘ब’ सबळ धरला. साहेबांनी पाकीट फोडलं, वाचलं, चष्मा काढून पुसला, परत वाचलं. म्हणाले, “पाकिटातलं उत्तर चुकलंय. कुणाचा आहे हा प्रश्न?” असं विचारायचं नसतं, हे त्यांचं त्यांनाच आठवलं आणि गप्प झाले. मी टेबलावरच्या टाचण्या मोजत बसलो.

चाचणी झाली की पाच जणांना काही म्हणायचं असेल तर म्हणू देतात. टेलिफोनवाली म्हणाली, ‘अ’मध्ये नुसती तक्रार आहे. ग्रंथपाल म्हणाले, ‘अ’ मागचं सांगतो आणि प्रश्न पुढचा आहे. इतपत मी पचवलं. मग ड्रायव्हरने हात वर केला. तो फारसा बोलत नाही.

“साहेब, हा ‘अ’वाला भांडतोय कुणाशी? आईला ठेवून घ्यायचंय त्याला, की भावाला हरवायचंय?”

सगळे हसले. साहेबही. मी पण हसलो, न हसून चाललं नसतं.

साहेब म्हणाले, उत्तर बदलून घ्या, ब सबळ. प्रश्न झकास आहे, यंदाच्या पेपरात घालू. ‘अ’ इतका खरा वाटतो की पोरं फसतील. बावीस वर्षांत माझ्या प्रश्नाला झकास कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तर याला.

पेन्सिलबाई चिठ्ठ्या गोळा करत होत्या. माझ्या टेबलाशी थांबल्या. प्रश्नाची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. ‘अ’च्या वाक्याशेजारी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘यात आई कुठे आहे?’

मी म्हणालो, “बाई, तुम्ही चाचणीत नाही. शेरा कशाला?”

त्या म्हणाल्या, “खोडून टाकते. पण सर, हा प्रश्न ज्यांनी लिहिलाय ना, त्यांनी ‘ब’सुद्धा फार मनापासून लिहिलाय. मला तेच आवडलं.”

आणि खोडरबर काढून खरंच खोडलं. मला टोमणा मारायचा असता, तर मीही असाच मारला असता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस पाच जणांतले दोष शोधतोय. टेलिफोनवालीची स्वतःची सासू तळमजल्यावर राहते. टायपिस्टला गुडघेदुखी आहे, त्याला जिना म्हटलं की राग येणारच. ग्रंथपाल स्वतः घरात धाकटे. रखवालदाराबद्दल काही सापडलं नाही. ड्रायव्हरबद्दलही नाही.

पाटीकडे पाहायचं टाळतोय. खोलीला दार एकच आहे, त्यामुळे जमत नाही.

२ मार्च, रविवार

प्रश्नपत्रिकेतला प्रश्न कार्यालयाबाहेर न्यायला सक्त मनाई आहे. पण हा प्रश्न मुळात मीच घरातून कार्यालयात नेला होता, तेव्हा तो परत आणण्यात काय गुन्हा.

वेणी घालताना आईला म्हणालो, तुला एक वाचून दाखवतो, ऑफिसचं आहे. कोणतं बरोबर वाटतं सांग. आणि वाचलं. अ वाचला, ब वाचला. आवाज दोन्हीला सारखा ठेवला, आम्हाला तसं शिकवतात.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, “दोन्ही तूच लिहिलंयस ना?”

“कशावरून?”

“धाकट्याला एवढं नीट कुठे बोलता येतं.”

मी फणी थांबवली. ती समोर भिंतीकडे पाहत होती, माझ्याकडे पाठ. म्हणाली, “आणि ते सुखाचं काय लिहिलंयस? माझ्यासाठी लग्न केलं नाहीस म्हणे. अरे, सात मुली पाहिल्यास तू. पहिलीचं बोलणं तुला मुद्देसूद वाटलं नाही. दुसरी फार मुद्देसूद बोलली. पुढच्या पाचांचं मी विसरले. ते माझ्या नावावर नको घालूस.”

“बरं. ते काढतो. पण बाकीचं?”

“बाकीचं खरं आहे. तू केलंस. मी काय आंधळी आहे? म्हणजे, आहे जवळजवळ.” स्वतःच्याच विनोदावर ती थोडी हसली. मग म्हणाली, “मला खाली जायचंय रे. सकाळी झाडूचा आवाज येतो, मग कुणी तरी सायकलची घंटी वाजवतं, मग दोन बायका भांडतात. रोज. कोण आहेत त्या, मला माहीत नाही. दीड वर्ष झालं. दारात बसावं, येणाऱ्याजाणाऱ्याला ‘काय हो’ म्हणावं, एवढंच.”

“मग बोलली का नाहीस? एकदाही बोलली नाहीस.”

ती भिंतीकडेच पाहत म्हणाली,

“तुला काही सांगायचं म्हणजे पेपर द्यायचा. ‘खाली जायचंय’ म्हटलं की तू विचारतोस, कशाला. आता ‘असंच’ला मी काय कारण देऊ? आणि धाकट्याचं नाव काढलं की तुझा चेहरा कसा होतो ते मला या डोळ्यांनीही दिसतं. लहानपणापासून दिसतंय. त्याला जवळ घेतलं की तू दाराशी उभा असायचास, वही धरून. तुला जवळ ये म्हटलं की म्हणायचास, मला नको, मी मोठा आहे.”

माझ्या हातात तिचे तीन पेड होते. तसेच धरून बसलो. मुद्दे सुचत होते, अगदी चांगले चांगले, पण एकही तिच्याबद्दल नव्हता.

शेवटी वेणी पुरी केली. आजही एका बाजूला गेली.

३ मार्च, सोमवार

धाकट्याला फोन केला. म्हणालो, पुढच्या रविवारी आईला न्यायला ये, खुर्ची मी धरतो एका बाजूने. तो रडायला लागला फोनवर. एवढा मोठा झाला, सवय गेली नाही. मला राग आला आणि बरंही वाटलं.

९ मार्च, रविवार

नेली. मागची बाजू मी धरली, पुढची धाकट्याने. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टेकवली तेव्हा आई या वेळी हसली नाही. माझा हात पकडून बसली. पायऱ्या उतरताना मला तिचे केसच दिसत होते, मी सकाळी घातलेली वेणी. निघताना तिचं स्टूल मी मुद्दाम दिलं नाही. म्हणालो, पाय हलतो त्याचा. तेलाची वाटी आणि फणी मात्र तिच्या पिशवीत ठेवली.

घरी आलो. स्टुलाचा पाय हलत नाही.

१९ मार्च, बुधवार

बुधवारी जायचं ठरवलंय, ऑफिसातून परस्पर. रविवारी नाही. रविवारी धाकटा घरी असतो, बायको असते, सगळे आनंदात असतात. ते पाहायला मी रिकामा नाही.

आई दाराशी खुर्ची टाकून बसलेली. दोन बायका थांबून तिच्याशी बोलत होत्या. आईने माझी ओळख करून दिली, “हा माझा मोठा. याच्याकडे होते मी इतकी वर्षं.” होते. वेणी घट्ट, सरळ, निळं रबर. मी वेणीकडे बघतोय हे धाकट्याच्या बायकोने पाहिलं. काही तरी बोलणार होती, तेवढ्यात आत फोन वाजला. वीस मिनिटं बसून निघालो.

निघताना आई म्हणाली, “रविवारी मोकळा असशील ना?”

मी म्हणालो, कामं असतात.

३० एप्रिल, बुधवार

तेच. वेणी तशीच, रबर हिरवं. आईचा रंग उजळलाय, दोन किलो वजन वाढलंय. मला आनंद झाला पाहिजे आणि झालाही. मग बसमध्ये बसल्यावर उतरला. माझ्याकडे असताना तिचं वजन कधी वाढलं नाही.

आजही तिने रविवारचं विचारलं. मी परीक्षेच्या कामाचं सांगितलं. पुढच्या महिन्यात पेपर आहे, ते खोटं नाही.

१२ जून, गुरुवार

परीक्षेचे आकडे आले. कुठल्या प्रश्नाला किती टक्के मुलांनी काय उत्तर दिलं, तो कागद. माझा प्रश्न चौदावा होता. एकोणनव्वद टक्क्यांनी ‘ब’ सबळ धरला. अकरा टक्क्यांनी ‘अ’.

अकरा टक्के म्हणजे काही हजार पोरं. सगळ्यांना एकेक मार्क गेला. चुकलंच त्यांचं, माझ्याच उत्तरसूचीप्रमाणे चुकलं. पण कागद हातात घेऊन मी बसलो होतो आणि मनात येत होतं, यातली सगळी घरातली थोरली असतील. यांना एकदा कुठे तरी बसवावं, चहा पाजावा, आणि सांगावं की तुम्ही अभ्यास केला नव्हता असं नाही.

पेन्सिलबाईंना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, “अकरा टक्के? माझा अंदाज पंधराचा होता.” मग पेन्सिलीशी खेळत म्हणाल्या, “आमच्या घरी मी थोरली, सर.” आणि कामाला लागल्या. मी त्यांना उगीच सात आठवड्यांवरून बोल लावला. त्यांची नजर खरंच चांगली आहे.

१५ जून, रविवार

आज गेलो. का गेलो, सांगता येत नाही. सकाळी स्टूल पुसून ठेवलं होतं. ते उचललं आणि निघालो. बसमध्ये लोक बघत होते.

अकरा वाजून गेले होते. दाराशी आईची खुर्ची होती आणि आई त्यात बसली होती, केस मोकळे. खांद्यावर पांढरे केस पसरलेले, गुंता झालेला, कालची वेणी कुणी तरी सोडून दिल्यासारखी. माझ्या डोक्यात सणक गेली. मनात मुद्देच तयार झाले, क्रमाने. तीन महिने होतात न होतात तर ही अवस्था. घरात दोन माणसं असताना म्हातारीचे केस विंचरायला कुणाला वेळ नाही. रोजची टापटीप बुधवारी मला दाखवण्यापुरती. धाकट्याची बायको बाहेर आली, तिला ऐकवायचं पहिलं वाक्य माझ्या ओठांवर होतं.

तिने माझ्या हातातलं स्टूल पाहिलं. मग आत वळून म्हणाली, “अहो, दादा आलेत.” आणि मला म्हणाली, “बरं झालं आलात. रविवारी त्या मला हातच लावू देत नाहीत केसांना.”

मी म्हणालो, “म्हणजे?”

“पहिल्या रविवारपासून. सकाळी स्वतःच वेणी सोडतात आणि इथे येऊन बसतात. मी फणी घेऊन आले की म्हणतात, थांब, दादा येईल. संध्याकाळी दिवे लागले की म्हणतात, आता घाल तू. मी तुम्हाला सांगणार होते, तर म्हणाल्या, सांगू नकोस, त्याला कामं असतात.”

मी मोजले. मोजायची सवय जात नाही. तेरा रविवार झाले. आजचा चौदावा.

आईने मान वळवली. आवाजावरून मला ओळखलं असावं, किंवा स्टूल खाली ठेवल्याच्या आवाजावरून. ती खुर्चीतून उठली, भिंतीला धरून दोन पावलं आली, स्टुलावर बसली आणि मान पुढे केली. मी तिच्या खुर्चीत बसलो. सायकलवाला एक माणूस जाता जाता म्हणाला, “काय आजी?” आई म्हणाली, “काय हो.”

तू मला का बोलावलं नाहीस, तेरा रविवार का बसलीस, रविवारच का. प्रश्न पुष्कळ होते. बावीस वर्षं मी लोकांना कारणंच विचारत आलोय.

मी धाकट्याच्या बायकोला एवढंच विचारलं, फणी कुठे ठेवलीय, आणि तेल थोडं कोमट करून मिळेल का.